काट्यावरचा शिक्का : तब्येतीचे प्रश्न आपल्या बोलीत तपासलेले का हवेत?



ताथवड्याच्या आमच्या वस्तीत मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि बायका चहाला थांबल्या. एका वहिनींनी विचारले, "ताई, आशाताई फॉर्म भरून गेल्या. बीपीचं विचारलं, तंबाखूचं विचारलं, कमरेला टेप लावली. शेवटी दोन प्रश्न मनाचे विचारले. मला काही उमगलं नाही, म्हणून 'नाही नाही' म्हणून मोकळी झाले. काही बिघडलं का त्यानं?"

मी म्हणाले, बिघडू शकते. कसे बिघडते, आणि न बिघडण्यासाठी जगात आणि आपल्या महाराष्ट्रात लोक काय खटपट करतात, ते या वेळच्या आरोग्यपानावर सांगते.

यंत्र नसलेली मोजमापे

ताप थर्मामीटरने कळतो. साखर रक्ताच्या थेंबाने कळते. पण कंबर किती दुखते, मन किती खचले आहे, म्हातारीची आठवण किती कमी झाली, हे दाखवणारे यंत्र नाही. तिथे प्रश्न हेच यंत्र. ठरावीक प्रश्न, ठरावीक क्रमाने विचारायचे, प्रत्येक उत्तराला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. याला मापनश्रेणी किंवा साध्या भाषेत प्रश्नावली म्हणतात.

आपल्याकडे अशी मापे पूर्वीपासून आहेत. आजी म्हणते, "रुपयात बारा आणे आराम पडला." ही मापनश्रेणीच की! सोळा आणे म्हणजे पूर्ण बरे, चार आणे म्हणजे थोडे. दवाखान्यात शून्य ते दहा आकड्यांत दुखणे विचारतात तेव्हा हीच आजी गोंधळते. आण्यांत विचारले की लगेच सांगते. दुखणे तेच, पण माप तिच्या ओळखीचे असले की उत्तर खरे येते.

आशाताई भरतात तो फॉर्म म्हणजे सीबॅक. तीस वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातले बीपी-साखरेचे आजार यांना गुण असतात. चारच्या वर गुण गेले तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. त्याच फॉर्ममध्ये मनाचे दोन प्रश्न आहेत. कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, आणि उदास, निराश वाटते का, तेही गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस. हे दोन प्रश्न पीएचक्यू-९ नावाच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतून घेतले आहेत. ती प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली आणि २००१ साली तिची तपासणी प्रसिद्ध झाली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. आज ती जगभर वापरतात.

आता प्रश्न असा, की अमेरिकेत इंग्रजीत तपासलेला काटा ताथवड्यात मराठीत बरोबर वजन दाखवतो का?

"तुम्ही कुठं इचारलं?"

माझीच एक चूक सांगते. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी एका रुग्णालयात लागले होते. तिथे बाळंतिणींसाठी एक छापील कागद होता. कुणीतरी इंग्रजीवरून मराठी केलेला. त्यात एक वाक्य होते, "दैनंदिन बाबींचा मजवर अतिरिक्त भार होत आहे." नांदेडकडची एक मुलगी पहिलटकरीण होती, नवरा चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. मी कागद वाचत गेले, ती "न्हाई" म्हणत गेली. बेरीज तीन आली. मी 'सर्वसाधारण' लिहिले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

अडीच महिन्यांनी बाळाला लस द्यायला आली तेव्हा ओळखू येईना, इतकी वाळली होती. शेजारी बसवून विचारले, काय गं झालं? ती म्हणाली, "रातच्याला छातीवर धोंडा ठिवल्यावानी व्हतंय. लेकराकडं बघू वाटंना."

मी म्हणाले, अगं, तेव्हा का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्ही कुठं इचारलं? तुम्ही तर कागद वाचून दावला."

तिच्यावर पुढे उपचार झाले, ती बरी झाली. पण ते वाक्य मी विसरले नाही. माझे स्वतःचे माहेर वस्तीतले. घरी मी तीच बोली बोलत होते. अंगात गणवेश चढला की कागदाची भाषा बोलायला लागले. दोष तिच्या समजुतीचा नव्हता. काटा खोटा होता, आणि त्यावर मी सही केली होती.

शब्दाला शब्द ठेवला की काय होते

बाळंतिणीच्या उदासीसाठीची मूळ प्रश्नावली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, १९८७ साली. नाव एडिनबर्ग मापनश्रेणी. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. त्यातल्या एका प्रश्नाचा अर्थ असा, की सगळे अंगावर आल्यासारखे, झेपेनासे झाले आहे का. इंग्रजीत ती बोलण्यातली म्हण आहे. तिचा शब्दशः अनुवाद केला तर "वस्तू माझ्या वर चढत आहेत" असे काहीतरी हास्यास्पद होते. फार पुस्तकी केला तर "अतिरिक्त भार" होतो. "झेपंना झालंय का?" असे विचारले तर बाई मान हलवते.

'नैराश्य' या शब्दाचेही तसेच. वस्तीत कुणी म्हणत नाही की मला नैराश्य आले. बीडची बाई म्हणते, "कशात जीव लागंना." बुलढाण्याकडचे म्हणतात, "मन लागत नाही." कुणी म्हणते, "डोकं सुन्न झालंय," कुणी नुसते "टेन्शन." आजार तोच, पण प्रत्येक भाषेत त्याची वाट वेगळी. झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे अति विचार करणे. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरची प्रश्नावली न लादता रुग्ण आपले दुखणे कसे सांगतात ते ऐकून शोना भाषेतच प्रश्नावली बनवली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. "अति विचार" हा प्रश्न त्यांनी लोकांच्या तोंडून उचलला.

शब्द बरोबर असला तरी जगणे वेगळे असते. हात आणि खांद्याच्या दुखण्याची 'डॅश' नावाची प्रश्नावली आहे. मूळ इंग्रजीत गोल्फ आणि टेनिसचे उदाहरण आहे. आपल्या बाईला विचारायला हवे भाकरी थापता येते का, चादर पिळता येते का, हंडा उचलता येतो का. गुडघ्याच्या 'वोमॅक' प्रश्नावलीत बाथटबमध्ये उतरण्याचा आणि मोजे घालण्याचा प्रश्न आहे. आपला गुडघा दुखतो तो उकिडवे बसताना, आणि विहारात मांडी घालून वंदनेला बसताना. ते विचारलेच नाही तर गुडघा कागदावर ठणठणीत.

सीबॅकमध्ये आठवड्याला दीडशे मिनिटे शारीरिक हालचाल होते का, असा प्रश्न आहे. त्याऐवजी "व्यायाम करता का?" असे विचारले की बांधकामावर दिवसभर विटा वाहणारी बाई "नाही" म्हणते आणि तिला एक गुण चढतो. उलट चाकणला रात्रपाळी करणाऱ्याला झोपेचे विचारले तर तो "झोप लागत नाही" म्हणणारच. ते मनाचे की पाळीचे, हे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक. मनाच्या काही प्रश्नावल्यांत "मला शिक्षा मिळते आहे असे वाटते" अशा अर्थाचा प्रश्न असतो. मराठी करताना कुणी सहज "देव शिक्षा देतो आहे" किंवा "मागच्या जन्मीचे पाप" असे लिहिले, तर आपल्या घरातले माणूस काय उत्तर देईल? देव आणि पूर्वजन्मीचे पाप आपण सोडून दिले. तो "नाही" म्हणेल. त्याचा अर्थ त्याचे मन शांत आहे असा होत नाही. म्हणून भाषांतराच्या मेजाभोवती कोण बसले आहे, याला महत्त्व आहे.

काटा तपासतात कसा?

बाजारातल्या दुकानदाराच्या काट्याची शासनाच्या वैधमापन विभागाकडून वेळोवेळी पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. तसा शिक्का प्रश्नावलीलाही लागतो. त्याच्या पायऱ्या अशा :

१) दोन वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे. एक आरोग्यातला, एक त्याबाहेरचा. मग दोन्ही जुळवायची.

२) ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेच नाही अशाने त्या मराठीचे परत इंग्रजी करायचे. "अतिरिक्त भार" परत इंग्रजीत गेला की गोणीचे वजन होते का, ते इथे उघडे पडते.

३) जाणकारांनी एकत्र बसून एकेक शब्द ठरवायचा.

४) ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "तुम्हाला यातून काय समजलं? तुमच्या शब्दांत सांगा." ही पायरी गाळली की सगळे वाया. "समजलं का?" असे विचारून चालत नाही. शिकलेल्या माणसासमोर आपली बाई "समजलं" असेच म्हणते.

५) तीच बाई, तोच आठवडा, पण विचारणाऱ्या परिचारिका दोन. गुण जवळपास सारखे यायला हवेत. याला विश्वसनीयता म्हणतात.

६) शेवटी, प्रश्नावलीचा निकाल एकीकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाने स्वतंत्रपणे केलेली तपासणी दुसरीकडे. दोन्ही किती जुळतात ते बघायचे. याला वैधता म्हणतात. हाच शिक्का.

उत्तरांच्या शब्दांचीही तपासणी लागते. 'कधीकधी', 'अधूनमधून', 'बऱ्याचदा' यांत नेमके अंतर किती? जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची प्रश्नावली बनवली तेव्हा ती एका देशात बनवून बाकीच्यांना दिली नाही. पंधरा केंद्रांनी मिळून बनवली. त्यात दिल्ली, मद्रास आणि टोकियोही होते. प्रत्येक भाषेतल्या माणसांना एक रेघ देऊन सांगितले, हा शब्द या रेघेवर कुठे बसतो ते दाखवा. त्यावरून त्या भाषेतला पाव, अर्धा आणि पाऊण दाखवणारा शब्द निवडला.

मराठीतही असे काम झाले आहे. कंबरदुखीची ऑस्वेस्ट्री प्रश्नावली मराठीत करून तिची विश्वसनीयता आणि वैधता तपासली गेली, आणि तो अभ्यास २०१३ साली 'स्पाइन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ओझी वाहणाऱ्या आणि दिवसभर मशीनवर उभ्या असणाऱ्या आपल्या पट्ट्यात कंबर हा पोटाचा प्रश्न आहे, म्हणून याचे मोल जास्त.

आकडाही तपासावा लागतो

हे सर्वांत कमी लोकांना माहीत असते. शब्द बरोबर झाले तरी "किती गुणांना धोका समजायचा" हा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही.

बाळंतिणीची तीच एडिनबर्ग प्रश्नावली घ्या. ब्रिटनमध्ये तेरा आणि वर गुण आले तर आजाराची दाट शक्यता धरतात. शेजारच्या गोव्यात कोकणी भाषेत ती तपासली तेव्हा बारा ही रेघ योग्य ठरली. जपानमध्ये तपासली तेव्हा रेघ नऊवर आली. जपानी बाया कमी दुःखी असतात असे नाही. तिथे आपले दुःख उघड बोलणे अवघड मानतात, त्यामुळे आजारी बाईसुद्धा कमी गुणांचे उत्तर देते, असे याचे कारण सांगितले जाते. तिथे ब्रिटनचा तेराचा आकडा लावला असता तर कित्येक आजारी बाया "ठीक आहेत" म्हणून घरी गेल्या असत्या.

आपल्याकडेही "सासरी काय म्हणतील" ही भीती आहेच. एक कल्पित हिशेब करू. शंभर बाळंतिणी आहेत आणि त्यांतल्या वीस खरोखर आजारी. रेघ वर ठेवली तर समजा वीसपैकी दहाच सापडल्या, दहा सुटल्या, आणि चार निरोगी बायांना उगाच पुढे पाठवले. रेघ खाली आणली तर वीसपैकी सतरा सापडल्या, तीन सुटल्या, पण चौदा निरोगी बायांना हेलपाटा पडला. आजारी पकडण्याच्या ताकदीला संवेदनशीलता म्हणतात, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याच्या ताकदीला विशिष्टता. एक वाढवली की दुसरी सहसा कमी होते. रेघ कुठे ठेवायची हे आपल्या बायांची तपासणी करूनच ठरवावे लागते. इंग्रजी पुस्तकात बघून ते ठरत नाही.

गोव्यातल्या त्या कामाचा उपयोग काय झाला ते बघा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी सुमारे २३ टक्के उदासीच्या आजारात सापडल्या. त्यामागे गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि मुलगी झाल्याचे ओझे दिसले. काटा खरा होता म्हणून हे बाहेर आले. नाहीतर "बाळंतपणात होतंच असं" म्हणून सगळे झाकून गेले असते.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. तिथेही उदासी मोजायला पीएचक्यू-९ वापरली. सुरुवातीला आजार असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली आणि दीड वर्षाने हे प्रमाण सत्तावीसच्या वर गेले.

आजीची आठवण मोजायची कशी?

विसरभोळेपणाची जगप्रसिद्ध चाचणी १९७५ साली अमेरिकेत आली. त्यात शंभरातून सात-सात वजा करायचे, इंग्रजी शब्द उलटा सांगायचा आणि एक वाक्य लिहून दाखवायचे असते. जिला शाळेची पायरी चढू दिली नाही अशा आपल्या आजीला हे विचारले तर ती नापास. आठवण शाबूत असूनही कागदावर 'स्मृतिभ्रंश'.

हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीची हिंदी आवृत्ती बनवली गेली, १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी बोलायचे. वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरचा करतो तसे करायचे. परीक्षा आठवणीचीच राहिली, शाळेची उरली नाही.

जपानमध्ये डॉ. काझुओ हासेगावा यांनी अनुवादाची वाटच धरली नाही. १९७४ साली त्यांनी जपानी माणसासाठी जपानी चाचणी बनवली. आधी तिच्यात पंतप्रधानांचे नावही विचारत. १९९१ साली ती सुधारली तेव्हा तो प्रश्न गाळला. लिहिणे नाही, चित्र काढणे नाही, सगळे तोंडी. लक्षात ठेवायचे तीन शब्दही तिथल्या रोजच्या जगण्यातले : साकुरा म्हणजे चेरीचे फूल, मांजर आणि रेल्वेगाडी. पुढे २०१७ साली हासेगावांनी स्वतःच जाहीर केले, की मलाही स्मृतिभ्रंश झाला आहे. ज्याने काटा बनवला त्यानेही न लाजता सांगितले. आपण घरात म्हातारपणाच्या या आजाराला "चळ लागला" म्हणतो आणि दार लावून घेतो.

आमच्या वस्तीतल्या एका आजींना आजची तारीख सांगता येत नाही. पण पौर्णिमा होऊन किती दिवस झाले ते बिनचूक सांगतात. वेळेचे भान त्यांना आहे की नाही, तुम्हीच सांगा.

घरी काय करायचे?

• प्रश्न कळला नाही तर "नाही" म्हणू नका. "ताई, साध्या भाषेत परत सांगा" म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

• मनाचे प्रश्न एकटीला विचारायला सांगा. सासू, नवरा किंवा मुलगा शेजारी असताना खरे उत्तर येत नाही. घरच्यांनीही त्या वेळी बाहेर जावे.

• "किती दिवस?" हे विचारले की मोजून सांगा. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांचा असतो, सगळ्या आयुष्याचा नसतो.

• गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असे नाही. ती फक्त चाळणी आहे, पुढे तपासणी करायची. आणि गुण कमी आले पण त्रास आहे, तर कागदावर विसंबू नका. दवाखान्यात जा आणि तोंडाने सांगा.

• जीव नकोसा वाटतो का, असे विचारले तर घाबरू नका आणि चिडू नका. असे विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. तसे वाटत असेल तर सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

• आशाताईंनो, प्रश्नाचा अर्थ समजावून सांगा, पण उत्तर सुचवू नका. "तुम्हाला तसलं काही नाही ना?" असे विचारणे म्हणजे काट्याखाली बोट लावणे. आणि जो प्रश्न वस्तीत कळत नाही तो लिहून ठेवा, बैठकीत वर सांगा. प्रत्येकीने आपापला प्रश्न बदलला तर हिशेब जुळणार नाही. बदल वरून, तपासून व्हायला हवा. पण त्याची ओरड खालूनच जावी लागते.

• आणि आपल्या नर्सिंग, समाजकार्य, फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुला-मुलींना माझे सांगणे : प्रकल्पाला विषय शोधत असाल तर हा घ्या. वस्तीत बसा, आजीला विचारा, "आजी, यातनं तुला काय कळलं?" मराठवाड्याची, विदर्भाची बोली जाणणारे माणूस त्या मेजाभोवती हवे. ते आपल्यातूनच जायचे आहे.

त्या पौर्णिमेला चहा संपल्यावर मी वहिनींना बाजूला घेतले आणि तेच दोन प्रश्न त्यांच्या बोलीत विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आता कळलं ताई. मग माझं उत्तर 'नाही' नाही." आम्ही दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो.